आडव्या माणसाएवढी जागा

माझी नणंद संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन खुर्चीत बसायची आणि रस्ता सांगायची. इतरांच्या घरी कोण भेटलं, कोण काय म्हणालं ते सांगतात. आमच्याकडे रस्ता कसा होता ते. "आज पुलावर वारा झोपला होता, वहिनी," ती म्हणायची. "एक मोटार इतकी हलकेच गेली, झोपलेल्या माणसाच्या उशाशी मांजर जाते ना, तशी." कधी रागावलेली असायची. "त्या बसला काय धाड भरली होती कोण जाणे. एवढ्या जवळून गेली की खिडकीतल्या बाईने अंगाला कुठला साबण लावलाय ते मला कळलं!"

मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. त्याच रस्त्याने मीही बाजारात जात होते, पण तिच्या तोंडून ऐकलं की वाटायचं, मी जाते तो रस्ता वेगळा आणि ही जाते तो वेगळा. हिचा कुठेतरी पाण्याखालून जात असावा.

घरात तिला बेबी म्हणतात. चाळिशी उलटली, कानांजवळ केस पिकले, तरी बेबीच. ती नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा एका तापात तिची नजर गेली. त्यामुळे पिवळा रंग, पाण्यावरचं ऊन, आईचा चेहरा असल्या थोड्या गोष्टी तिला आठवतात, पण खरंच पाहिल्या होत्या की नंतर मनानेच रचल्या, हे तिला सांगता येत नाही. तिची त्याबद्दल तक्रारही नाही. "रचल्या असतील तर चांगल्या रचल्यात," म्हणते.

तिचा मोठा भाऊ म्हणजे माझा नवरा. ती त्याला दादा म्हणते, गल्लीतले सगळे दादाच म्हणतात, म्हणून या गोष्टीपुरतं मीही दादाच म्हणणार आहे. नवऱ्याला दादा म्हणते म्हणून हसू नका.

दोघं एकाच ठिकाणी कामाला होते, ब्रशच्या कारखान्यात. दादा कातारी. लाकडाचे तुकडे यंत्रावर गरगर फिरवून त्यांच्या गोल मुठी कातायचा. घरी यायचा तेव्हा भुवयांत भुसा आणि कानांत यंत्राची घरघर. बेबी आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या बाकावर. भोकं पाडलेली लाकडी पट्टी मांडीवर घ्यायची, केसांचा झुपका दुमडून भोकात घालायचा, मागून तार ओढून घट्ट बसवायचा, की पुढचं भोक. बोटं आपोआप चालत आणि मन कुठेही हिंडत. काम हातांचं असलं की डोकं सुट्टीवर जातं, असं ती म्हणायची.

पहिली काही वर्षं ती दादाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून जायची. एक दिवस दारातच उतरून म्हणाली, "दादा, मी काय पिठाचं पोतं आहे? मलाही पेडल मारायचंय."

दादाने दोन जुन्या सायकली जमवल्या, ओळखीच्या एका वेल्डरकडे नेल्या, आणि दोघांनी मिळून त्यांची एक लांबलचक जोडसायकल केली. दोन सीटा, दोन हँडलं. मागचं हँडल वळत नव्हतं, नुसतं धरायला होतं. पण पेडलं दोघांचीही चेनला जोडलेली. ती सायकल दारात आली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. ती वळवायला आमची गल्ली पुरत नव्हती. गल्लीच्या तोंडापर्यंत ती हातात धरून न्यावी लागे, हट्टी घोड्यासारखी.

पहिल्या दिवशी बेबी चढली, पाय पेडलवर ठेवले, आणि सायकल सुटली तशी ती जी हसायला लागली ती वळणापलीकडे गेल्यावरही मला ऐकू येत होती. माझा जीव मात्र टांगणीला. पुढच्याला नीट ऐकू येत नाही, मागचीला दिसत नाही. दोघांत मिळून एक धड माणूस तयार होतं, असं मी चिडवायचे, पण दोघं घरी येईपर्यंत हातातलं काम गोड लागायचं नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. मागून ट्रक किंवा बस आली की बेबी दादाच्या पाठीवर तळहात टेकायची. मोटार आली की नुसती दोन बोटं. दादा तेवढं समजून सरळ, कडेने चालवायचा. बेबीला आवाज फार लांबून कळत. आणि वाहन शेजारून गेलं की किती अंतर ठेवून गेलं तेही कळे. मोठं वाहन आधी हवेने ढकलतं आणि पुढे गेलं की मागे ओढतं, असं ती सांगायची. किती ढकललं, किती ओढलं, त्यावर तिचा हिशेब. मीटर-फूट तिच्या कामाचे नव्हते. कुणी खाटेएवढी जागा सोडली, कुणी दाराएवढी, आणि कुणी, ती दात ओठ खाऊन म्हणायची, "मधून फक्त कागद सरकला असता!"

एका संध्याकाळी ती हातपाय न धुताच खुर्चीत बसली. मग म्हणाली, "वहिनी, आज एक ट्रक मागे आला आणि आलाच नाही."

"म्हणजे?"

"पुलाच्या आधी मागे आला. मी दादाच्या पाठीवर हात ठेवला. आता जाईल, मग जाईल म्हणून वाट पाहतेय, तर हा आपला मागेच. हॉर्न नाही, घुरघुर नाही. पूल अरुंद आहे ना, तर अख्खा पूल आमच्या मागून चालत आला. आणि सारखी किणकिण. कुणी लांबच्या खोलीत पेल्यांना पेले लावत असावं तशी. पूल संपल्यावर पार पलीकडच्या बाजूला गेला आणि मग पुढे. अख्खी एक खोली मावेल एवढी जागा सोडली."

"काचेचा ट्रक होता," दादा बूट काढता काढता म्हणाला. "दोन्ही अंगांना आरसे उभे करून बांधलेले. आपण दोघं दिसलो त्यात."

"आपण?" बेबी खुर्चीत सरळ झाली. "कसे दिसलो?"

"मी पुढे घाम गाळतोय आणि तू मागे पाय नुसते ठेवून बसलीयेस, असे."

तिने उशी फेकून मारली, ती बरोबर त्याच्या डोक्याला लागली. दादा हसला, मग उशी तिला परत देत म्हणाला, "पण खरं सांगू? क्षणभर असं वाटलं की आपल्या शेजारून आपणच चाललोय. मागे झाडं, आभाळ, सगळं घेऊन. आणि मग ते पुढे गेले आणि आपण मागे राहिलो."

दादा असं कधी बोलत नाही. जेवताना बेबीचं लक्ष नव्हतं. भांडी आवरताना माझ्या कानाशी येऊन तिने विचारलं, "वहिनी, माणूस आरशात दिसतं, तेव्हा आरशाला काही कळत असेल का गं?" मी म्हटलं, आरशाला कळलं असतं तर मला बघून तो कधीच तडकला असता. पण ती हसली नाही. ती कुठेतरी दूर होती.

त्यानंतर तो ट्रक वरचेवर यायला लागला. आरसे नेताना सकाळी, रिकामा परतताना क्वचित संध्याकाळी. ड्रायव्हरचा चेहरा दादाने पाहिला नव्हता. पुढे जाताना नुसतं एक मोठं कोपर खिडकीबाहेर दिसायचं. बेबीच्या लेखी तो माणूस म्हणजे किणकिण, सावकाश बदलणारा गिअर आणि पलीकडे सरकत जाणारी हवा. "त्याच्या गिअरला घाई नाही," ती सांगायची, एखाद्याचा स्वभाव सांगावा तसं.

मग एका सकाळी तिने माझ्यापुढे दोन रुमाल धरले, डोक्याला बांधायचे. "यातला पिवळा कुठला?"

"कशाला?"

"सहज."

माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत तिने कधी रंग विचारला नव्हता. हाताला लागेल ते बांधून जायची. मी पिवळा रुमाल तिच्या हातात दिला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. दादाला सांगितलं असतं तर त्याने सगळ्या गल्लीत केलं असतं.

ज्या दिवशी ते घडलं तो दिवस अगदी स्वच्छ होता. धुकं नाही, पाऊस नाही, रस्ता कोरडा, उजेड भरपूर. मागून एक मोटार आली. बेबीने दादाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली. आवाज जवळ येत गेला, पण बाजूला सरकेना. तिने दोन बोटांचा तळहात केला आणि दाबला. मोटार तशीच सरळ रेषेत आली आणि दादाच्या कोपराशेजारून सुसाट निघून गेली. शर्टाची बाही फडफडली म्हणे. दादाने दचकून हँडल ओढलं, पुढचं चाक कडेच्या दगडाला घासलं, आणि ती लांबलचक सायकल दोघांना घेऊन रस्त्यावर आडवी झाली.

मोटार पुढे जाऊन थांबली. एक गृहस्थ उतरून आले. आधी त्यांनी आपल्या गाडीची बाजू वाकून पाहिली, मग यांच्याकडे आले.

"मी तुम्हाला शिवलोही नाही," ते म्हणाले. "बघा, गाडीला साधा ओरखडा नाहीये."

"गाडीला नसेल," बेबी रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाली. तिची हनुवटी फुटली होती. "आम्हाला आहे."

"तुम्ही घाबरून पडलात, त्याला मी काय करू? एवढी भीती वाटते तर रस्त्यावर यावं कशाला माणसाने?"

गृहस्थ निघून गेले. दादा खांदा धरून कण्हत होता. त्याला सायकलखालून पाय काढता येत नव्हता, बेबीला सायकल कुठे संपते आणि दादा कुठे सुरू होतो ते सापडत नव्हतं, आणि मागून आणखी गाड्या येत असल्याचं तिला ऐकू येत होतं. ती म्हणते, त्या वेळी तिला पहिल्यांदा खरंच आंधळं वाटलं.

आणि मग किणकिण ऐकू आली.

ट्रक पुढे गेला नाही. त्यांच्या मागे, रस्त्यावर तिरका उभा राहिला, भिंत घालावी तसा. दार उघडलं, जड पावलं आली, आणि वरून, खूप उंचावरून, एक अगदी बारीक आवाज आला. "उठू नका. आधी कुठे दुखतंय ते सांगा."

एवढ्या मोठ्या पावलांचा एवढासा आवाज ऐकून त्याही अवस्थेत तिला गंमत वाटली. ती म्हणाली, "पुलावर मागे थांबता ते तुम्हीच ना?"

"हो," आवाज म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

"काचा सांगतात."

त्याने दादाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, बेबीला शेजारी, सायकल मागे आरशांच्या मधे दोरीने बांधली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. दादाच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मला निरोप मिळाला तशी मी पायात काय घातलंय ते न बघता धावले. दवाखान्याच्या लांबट व्हरांड्यात बाकावर बेबी बसलेली, हनुवटीला पट्टी, आणि तिच्यापासून बरंच अंतर ठेवून, बाकाच्या पार टोकाला एक धिप्पाड माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. मला बघून तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी फक्त मागे होतो." जणू त्यानेच पाडलं होतं.

हाड सांधलं. हात गळ्यातून निघाला, दादा कामावर जायला लागला. पण सायकलला हात लावेना. सकाळी दोघं बसने जात. जोडसायकल घरातल्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलेली, वर जुनी चादर. रात्री पाणी प्यायला उठले की मला दचकायला व्हायचं. वाटायचं, कुणीतरी लांबलचक माणूस पाठ करून उभं आहे.

मी एकदा दादाला म्हटलं, "अहो, त्याचा धक्काही लागला नाही म्हणता ना? मग एवढं काय?"

"तेच तर," तो म्हणाला. "लागला असता तर हाड सांधलं की विषय संपला असता. जे लागलंच नाही ते कसं सांधायचं?"



बेबी संध्याकाळी येऊन खुर्चीत बसायची आणि गप्प राहायची. मीच विचारायचे, "काय मग, आजचा रस्ता?"

"बसमध्ये रस्ता नसतो, वहिनी. नुसती माणसं असतात."

घर ओकंओकं झालं. तिच्या त्या पाण्याखालच्या रस्त्याची मला किती सवय झाली होती ते मला तेव्हा कळलं. बाजारात जाताना मीच कधी कधी डोळे मिटून उभी राहायचे, बघू काही ऐकू येतं का म्हणून. मला फक्त हॉर्न ऐकू यायचे.

एका सुट्टीच्या दुपारी दार वाजलं. काचवाला, म्हणजे तोच आरशांचा ट्रकवाला. दादाची चौकशी करायला आला होता. दारातून वाकून आत आला, बोळातल्या सायकलला वळसा घालून, पोट आत ओढून, अंग चोरून खोलीत आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने ते बेबीच्या हातात दिलं. "मोठ्या काचेतून उरलेला तुकडा होता. कडा घासून घेतल्यात. लागणार नाहीत."

तिने कागद सोडला. आरसा होता.

काचवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मी... म्हणजे माझ्या ध्यानातच..." दादा छताकडे बघायला लागला. मी चहा ठेवायला पळणार, एवढ्यात बेबीला हसू फुटलं. ती खो खो हसली, पडल्यापासून पहिल्यांदा. मग तिने आरशावरून सगळा तळहात फिरवला, कडांवरून एकेक बोट.

"गार आहे," ती म्हणाली. "आणि काही म्हणजे काहीच नाही त्याच्यावर. मला वाटायचं, आरशाला थोडा तरी कुणाचा तरी चिकटपणा असेल." मग मान वर करून, "आत्ता यात कोण आहे?"

"तुम्ही," काचवाला म्हणाला. "आणि थोडी खिडकी."

चहा पिताना तिने त्याला विचारलं, तो इतकं अंतर ठेवून का जातो. काचा फुटतील म्हणून?

"नाही हो. काच जवळून गेल्याने फुटत नाही. मला ज्यांनी ट्रक शिकवला ना, म्हातारे ड्रायव्हर होते, ते पहिल्या दिवशी आवारात म्हणाले, झोप. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, जमिनीवर, ट्रकशेजारी. झोपलो. मग त्यांनी ट्रक माझ्या शेजारून नेला. चाक माझ्या डोक्यापासून एवढ्यावरून गेलं." त्याने बशी आणि कप यांच्यामधलं अंतर दाखवलं, मग तिला दिसत नाही हे आठवून तिचा हात धरून त्या अंतरात ठेवला. "खालून चाक फार मोठं दिसतं. मग मला उठवून म्हणाले, सायकलवाला पडला तर उभा पडत नाही, आडवा पडतो. आडव्या माणसाएवढी जागा नसेल तर मागे थांबायचं. एवढंच शिकवलं आणि चावी दिली."

बेबीचा हात अजून कप आणि बशी यांच्यामधे होता. तिने तो काढायची घाई केली नाही. ते मी पाहिलं, आणि दादानेही पाहिलं, कारण त्याने मला कोपराने ढोसलं.

"मला सायकलवर बसायचंय," ती एकदम म्हणाली.

दादाचं तोंड उतरलं. "माझ्याच्याने होणार नाही, बेबी."

"तू नको. हे चालवतील."

काचवाल्याने चहाचा घोट तसाच गिळला. शाळा सुटल्यापासून त्याने सायकलला हात लावला नव्हता. पण नाही म्हणायची त्याला सवय नसावी.

पुढच्या सुट्टीला आम्ही ती चादर काढली. गल्लीमागच्या मोकळ्या मैदानात काचवाला पुढच्या सीटवर बसला. सीट त्याच्याखाली दिसेनाशी झाली. बेबी मागून हुकूम सोडतेय, "डावा पाय! आता उजवा! हँडल आवळू नका, ती पळून जात नाही!" मी शेजारून पळतेय, आणि दादा कडेला हाताची घडी घालून उभा. दोन वेळा ते झुडपात गेले. तिसऱ्यांदा सायकल सरळ सुटली, आणि बेबीचं ते जुनं हसू मैदानभर पसरलं.

मग ते रस्त्यावर गेले. परत आले तेव्हा काचवाला घामाने निथळत होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. इतकी वर्षं ट्रक चालवलेला माणूस, पायरीवर मटकन बसला.

"हे लोक असे जातात?" तो म्हणाला. "एवढ्या जवळून? ती बस तर माझ्या अंगातूनच गेली!"

"कुठली बस?" बेबी म्हणाली. "ती? ती चांगली होती की. खाटेएवढी जागा होती. वाईट अजून यायचीय."

दुसऱ्या दिवशी, हे मला नंतर कळलं, त्याने ट्रकच्या आवारात नव्या ड्रायव्हरांना चाकाशेजारी झोपून बघा म्हणून सांगितलं. सगळे हसले. एक जण झोपला, उठला तो गप्प झाला. बाकीचे अजून हसतात.

सुट्टीच्या दिवशी दोघं फिरायला जाऊ लागले. बेबी येऊन रस्ता सांगायला लागली, आणि दादाचं काहीतरी बिनसलं. एका संध्याकाळी तो बोळात जाऊन हवा बघून आला, चेन बघून आला. "चेन कोरडी पडलीय. तेल कोण घालणार?" मग थोड्या वेळाने, "सीट वर केलीय त्याने. माझी सायकल आहे ती." मी हसू दाबून म्हटलं, मग खाली करा.

त्याने सीट खाली केली.

दादा पुन्हा सायकलने कामावर निघाला, त्या पहिल्या दिवशी त्याला सोबत म्हणून काचवाल्याने ट्रक त्यांच्या मागे घेतला. गल्लीच्या तोंडापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत सायकलच्या चालीने. मागे गाड्यांची ही रांग लागली. हॉर्नवर हॉर्न, शिव्या. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. पुढे भाऊ-बहीण, मागे सकाळच्या उन्हात चमकणारे आरसे, आरशांत आमची गल्ली, न्हाव्याचं दुकान, मी स्वतः, सगळं हळूहळू सरकत चाललेलं. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, कुणाची वरात?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

ते वर्ष संपायच्या आत ठरलं. नोंदणी कचेरीत मी आणि दादा साक्षीला होतो. काचवाल्याने सही करताना इतकी जागा सोडून केली की कारकुनाने त्याला जवळ सरकवलं. आता ती दोघं पलीकडच्या गल्लीत, काचेच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. खाली काचा कापतात त्याचा आवाज बेबीला आवडतो. झोपेत कुणी रेशीम फाडतंय असं वाटतं, म्हणते.

कामावर ती अजून दादाबरोबरच जाते, त्याच सायकलने, कारण ट्रकच्या वेळा वेगळ्या. दादाची भीती सगळी गेलेली नाही. पुलापाशी आले की तो उतरतो, आणि दोघं सायकल हातात धरून कठड्याकडेने चालत पलीकडे जातात. मागून कुणी हॉर्न वाजवला तर दादा वळूनही बघत नाही. त्याला एक तर ऐकू कमी येतं, आणि दुसरं म्हणजे आता त्याला पर्वा नाही.

रस्ता ऐकायला मीच तिच्याकडे जाते. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे दोन हात लांब केले की संपलं. बेबी ओट्याशी उभी असली आणि काचवाल्याला पाणी प्यायला आत जायचं असलं की तो दारात थांबतो. ती हलण्याची वाट बघतो. नाहीच हलली तर समोरच्या भिंतीला पाठ घासत, श्वास रोखून, तिला जराही न लागता पलीकडे सरकतो.

"अरे, मी काय सायकल आहे का?" परवा ती माझ्यादेखत ओरडली. "इथे जवळून गेलास तरी चालेल!"

त्याने निमूट मान डोलावली, पाणी प्यायला, आणि येताना पुन्हा भिंतीच्या बाजूने आला. शर्टाच्या पाठीला कायम चुना लागलेला असतो. तिला तो दिसत नाही आणि तो स्वतःहून सांगत नाही, म्हणून निघताना मीच झटकते.